चौथऱ्यावरची सायकल

सायकलच्या चेनला ऑइलपेंट मारतात हे मी त्या बुधवारी सायखेड्यात पहिल्यांदा पाहिलं. चेन, पॅडल, ब्रेकच्या तारा, सीट, घंटी, सगळ्यावर एकच चंदेरी रंग फासला होता. टायर तेवढे काळे होते, तेही काळा रंग देऊनच. ग्रामपंचायतीसमोर नवाकोरा चौथरा, त्यात रोवलेल्या दोन लोखंडी खुंट्या, आणि त्या खुंट्यांना वेल्डिंग करून उभी केलेली माझी सायकल. माझी म्हणजे मी बांधलेली. जिची होती ती हर्षाली माझ्या शेजारी उभी होती. शुक्रवारी पहाटे मुंबईहून तिचं विमान होतं आणि ही सायकल तिच्यासोबत जायची होती.

जवळ गेलो तर नासक्या दुधाचा वास आला. मागच्या चाकाच्या मधोमध, हबभोवती, माश्या घोंगावत होत्या आणि खुंटीवरून मुंग्यांची रांग थेट बेअरिंगपर्यंत चढली होती. रंग खरवडता येतो, पण हबमध्ये दूध ओतणाऱ्याचं काय करायचं?

मी रावजी. पंचवटीत, मालेगाव स्टँडच्या उतारावर माझं सायकलचं दुकान आहे, त्याला छत्तीस वर्षं झाली. हर्षाली पहिल्यांदा आली ती कॉलेजात असताना, पंक्चर काढायला. पंक्चर निघेपर्यंत चाकात तारा किती असतात, का असतात, एक तुटली तर काय होतं, असं विचारून तिने मला वैताग आणला. पुढच्या रविवारी परत आली. वर्षभरात ती चाकाचा आऊट काढायला शिकली, म्हणजे लडबडणारं चाक तारा आवळून-सैल करून सरळ फिरवायला. माझ्याकडे कामाला राहिलेल्या एकालाही ते धड जमलं नव्हतं. मग मागच्या वर्षी तिने औषध कंपनीतली नोकरी सोडली आणि सायकल घेऊन एकटी कझाकस्तानात उतरली. तिथून किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तान. चार देश, एकशे बारा दिवस, पाच हजार किलोमीटरच्या वर. थंडी पडली तशी परत आली. आता उरलेला पल्ला जॉर्जियापासून तुर्कस्तानच्या दुसऱ्या टोकापर्यंतचा होता. तुर्कस्तानचा व्हिसा तिसऱ्या खेपेला मिळाला होता, तोही ठरावीक तारखांचा.

सायकल मी जुन्या पोलादी फ्रेमवर बांधली होती. ॲल्युमिनियमची हलकी असते, पण ती मोडली की खेळ खलास. पोलाद कुठल्याही गावात वेल्ड होतं, असं मीच तिला छाती पुढे काढून सांगितलं होतं. ते सायखेड्यात असं खरं ठरेल, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

चूक कुठे झाली ते आधी सांगतो, कारण ती माझी आहे.

रविवारी सायखेड्याने, म्हणजे तिच्या गावाने, तिचा सत्कार ठेवला. पुढाकार तिच्या चुलत्यांचा, केरूनानांचा. नाना माजी उपसरपंच, त्यातला 'माजी' त्यांना अजून पचलेला नाही. सायकल माझ्या दुकानात नव्या चेनसाठी आली होती. नाना स्वतः पिकअप घेऊन आले, म्हणाले, "मिस्त्री, सायकल स्टेजवर ठेवायची. आन तुमचाबी सत्कार हाय बरं का." हे दुसरं वाक्य ऐकलं आणि मी सायकल उचलून गाडीत ठेवली. कोणी गिऱ्हाइकाची सायकल मालकाला न विचारता मागितली असती तर मी त्याला उतारावरून खाली घालवला असता.

तो सत्कार म्हणजे किळसवाणा प्रकार होता. फ्लेक्सवर हर्षालीचा चेहरा इतका गोरा केलेला की तिच्या आईनेही क्षणभर निरखून पाहिला असेल. खाली 'अठ्ठावीस देश पादाक्रांत करणारी सायखेड्याची वाघीण'. देश चार, आणि पायी तर ती एकाही देशात चालली नव्हती. फ्लेक्सवर तिच्या फोटोपेक्षा नानांचा फोटो मोठा. स्टेजवर अकरा माणसं, त्यांतले सात बोलले, प्रत्येकाने आपण लहानपणी शाळेत सायकलने कसे जायचो ते सांगितलं. हर्षालीला शेवटी माइक मिळाला. किर्गिझस्तानात बर्फात अडकली तेव्हा एका मेंढपाळाच्या घरी चार रात्री कशी राहिली ते ती सांगू लागली, तर निवेदकाने 'वेळेअभावी' म्हणून माइक काढून घेतला. मग दोघांनी बादली आणली आणि सायकलवर पाच लिटर दुधाचा अभिषेक केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी काय केलं? मी फेटा बांधून तिसऱ्या खुर्चीत बसलो होतो. दूध सीटवरून, दांडीवरून, थेट मागच्या हबमध्ये उतरताना मला दिसत होतं. बेअरिंगला पाणी लागलं तर मी गिऱ्हाइकाला शिव्या घालतो. तिथे मांडीवर शाल होती, हातात नारळ होता, आणि फोटोवाला माझ्याकडे कॅमेरा रोखून उभा होता. मी गालातल्या गालात हसत राहिलो. तो फोटो माझ्याकडे आहे. बघवत नाही.

पासपोर्ट आणायला हर्षालीला त्याच संध्याकाळी मुंबईला जायचं होतं. जाताना ती म्हणाली, "काका, सायकल तुमच्यासोबतच न्या हं." मी हो म्हणालो. पण नाना म्हणाले दोन दिवस राहू द्या, शाळेतली पोरं बघतील, आणि मला नाशिकला सोडायला त्यांनी गाडी काढली. एसीची गाडी. फेटा काढायला लागू नये म्हणून मी मान वाकवून आत बसलो आणि सायकल मागेच राहिली.

बुधवारी सकाळी हर्षाली आणि मी रिक्षाने सायकल न्यायला आलो. नदीवरचा पूल ओलांडताना खाली गोदावरी दिसत नव्हती, नुसत्या पाणवेली, आणि त्यांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. रिक्षावाल्याने नाकाला रुमाल लावला. मी म्हणालो, नदीची आपण आरती करतो ना, मग अशीच होणार. त्याला काही कळलं नाही.

आम्ही चौथऱ्यासमोर उभे असताना नाना मागून आले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"कशी दिसती?" ते म्हणाले. "रविवारी मोठे साहेब येनार उद्घाटनाला. वरती छत्री बसवायची बाकी हाय. लाइटिंग बी करू."

हर्षालीने एकदम शांत आवाजात विचारलं, "नाना, मला न विचारता?"

"आगं, विचारायचं काय त्यात? मान देतोय तुला. मान देताना कोन विचारतं का?"

मला हसू आलं आणि त्या हसण्याचीच शिसारी आली. माणूस खरं बोलत होता. माझ्या अंगावर शाल घालतानाही कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मी लाजून हो म्हणालो असतो. एखादी चालती गोष्ट बंद पाडायची असेल तर आपल्याकडे तिला हार घालतात. शिव्या खाऊन माणूस काम करत राहतो, सत्कार झाला की बसतो.

"नाना, शुक्रवारी तिला जायचंय," मी म्हणालो. "ही सायकल कापून काढावी लागेल."

"मिस्त्री, ही आता गावाची मालमत्ता हाय. ठराव झालाय. तिला दुसरी घेऊ की, गियरची, चांगली. ह्या डबड्यात काय ठेवलंय?"

डबडं. त्या चाकांच्या बहात्तर तारा मी तीन रात्री बसून एकेक करून आवळल्या होत्या. मी म्हणालो, "नाना, तुमच्या त्या गियरच्या सायकलला ताजिकिस्तानच्या रस्त्यावर दुसऱ्या दिवशी पोटात कळ आली असती. ह्या डबड्याने चार देश काढले. तुम्ही ते तीन दिवसांत संपवलंत."

नानांचा चेहरा लाल झाला. आजूबाजूला दहा-पंधरा माणसं जमली होती. गिरणीवाला पिठाच्या हातांनी बाहेर आला होता. एवढ्यात कोणीतरी बोलावून आणल्यासारख्या कुसाबाई आल्या. हर्षालीची आई. पदर कमरेला खोचलेला, हात द्राक्षाच्या पानांनी हिरवे झालेले, बागेतूनच आल्या असाव्यात.

"भावजींना काय बोलता?" त्या मला म्हणाल्या. "मी सांगितलं त्यांना. पक्की करा म्हनले, निघाली नाय पाहिजे."

हर्षाली आईकडे बघतच राहिली. "तू?"

"हां, मी."

"आई, तुला माहीत होतं शुक्रवारी विमान आहे."

"माहीत व्हतं म्हनूनच."

नाना आपल्या शर्टाचं बटण चाचपत राहिले. मला वाटलं होतं हा सगळा तमाशा एका माजी उपसरपंचाच्या हौसेचा आहे. आता कळलं की नानांना चौथरा हवा होता, पण वेल्डिंग कुसाबाईंना हवं होतं.

"नऊ दिस," कुसाबाई म्हणाल्या. त्या चौथऱ्याच्या कडेला बसल्या, नव्या सिमेंटवर. "मागल्या वर्षी नऊ दिस तुझा फोन नाय. डोंगरात गेली म्हनून सांगितलंस, त्यानंतर काय नाय. भावजी पोलिसात गेले तर त्यांनी इचारलं, कोन्त्या देशात हरवली ते सांगा. आम्हाला ते नावबी सांगता येईना. सातव्या दिशी बाया भेटायला यायला लागल्या. कोन चहा घेऊन येतं, कोन भाकरी बांधून आनतं. तुला कळतं का त्याचा अर्थ? मानूस गेल्यावर येत्यात तशा. माझ्या शेजारी बसून पाठीवरून हात फिरवत्यात आन मी त्यांना काय सांगू, मेली नाय म्हनून? मलाच ठाव नव्हतं."

"पण आई," हर्षाली म्हणाली, "माझा फोन नदी ओलांडताना पाण्यात पडला होता, ते मी तुला नंतर सांगितलं."

"सांगितलंस. नऊ दिसांनी."

"नऊ नाही. चौथ्या दिवशीच मी निरोप दिला होता. एका ट्रकवाल्याच्या फोनवरून. तुझा नंबर मला पाठ नाही, कोणाचाच नाही. सायकलच्या दांडीवर काकांच्या दुकानाचा नंबर छापलेला होता, तो लावला. शेवटचं वाक्य तेच होतं, आईला सांगा मी नीट आहे." आणि ती माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही सांगितलं होतं ना?"

तो फोन आला होता. सकाळी अकराच्या सुमारास, दुकानात गर्दी असताना. मागच्या चाकाच्या दोन तारा तुटल्या होत्या, चाक फ्रेमला घासत होतं, पुढे चारशे किलोमीटर दुकान नाही. मी तिला फोनवरून सांगितलं, तुटलेल्या तारांच्या शेजारच्या, पण पलीकडच्या बाजूच्या तारा शोध, अर्धा अर्धा आटा सैल कर, चाक फिरव, बघ, परत अर्धा आटा. पाच मिनिटं तेच. चाक सरळ झालं. ती ओरडली, काका, फिरतंय. त्यानंतर ती जे बोलली ते मी ऐकलं होतं. हो हो म्हणालो होतो. फोन ठेवला आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांकडे वळून म्हणालो, ताजिकिस्तानातलं चाक पंचवटीत बसून सरळ केलं. दिवसभर तेच सांगत होतो. दुसऱ्या दिवशीही. चहावाल्याला, टायरच्या एजंटाला, रस्त्यावरच्या कोणालाही. सायखेड्याला फोन करायचा राहिला. एक दिवस राहिला, मग तो निरोप डोक्यातूनच गेला. नवव्या दिवशी हर्षालीने दुसऱ्या गावातून इंटरनेटवरून नानांच्या मुलाला गाठलं. ते कानावर आलं तेव्हाही मला आठवलं नाही की अरे, हे आपल्याला सांगायला सांगितलं होतं. ते आत्ता आठवलं, तिने विचारल्यावर.

"नाही," मी म्हणालो. "राहिलं. विसरलो मी."

कुसाबाईंनी वर पाहिलं. मला वाटलं त्या बोलतील, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बघत होत्या, बाजारात हाताला लागलेला नासका कांदा बघावा तशा.

हर्षाली आईच्या शेजारी जाऊन बसली. एक आई वर्षभर समजत होती की पोरीला आपली आठवण आली नाही, आणि पोरगी समजत होती की निरोप पोचला तरी आई रागावलीच आहे. मधे मी होतो, फेटा बांधून.

मग कुसाबाई नानांना म्हणाल्या, "कापू द्या भावजी."

"वहिनी, पन साहेब रविवारी..."

"साहेबाला दुसरं कायतरी दाखवा."

नाना हात झटकत निघून गेले. गिरणीवाल्याने आतून वायर ओढून दिली, रिक्षात माझा ग्राइंडर होता, तो कशाला घेतला होता देव जाणे, जुन्या सवयीने घेतला असेल. मी खाली बसून वेल्डिंग पाहिलं आणि मला नव्याने चीड आली. गावच्या वेल्डरने रंगावरूनच वेल्डिंग केलं होतं. आधी रंग, मग वेल्डिंग, मग परत रंग. लोखंड लोखंडाला धरलंच नव्हतं, वर नुसता कचरा जमला होता. एवढी वाईट नियत आणि तीही धड पार पाडता येऊ नये. दोन जागी ग्राइंडर टेकवला, तिसरीकडे हातोडीने ठोकलं तर जोड आपोआप सुटला.

सायकल खाली आली. हर्षाली सायकल खोलायचे पाने आणायला रिक्षाकडे गेली. रिक्षा गिरणीच्या पलीकडे, झाडाखाली होती. मी फ्रेम उलटी करून बोटांनी चाचपत होतो. जळलेला रंग, थोडी काजळी, आत पोलाद शाबूत. खालच्या जोडावर टिचकी मारली तर स्वच्छ आवाज आला. चाकं फिरवून पाहिली. मागच्या हबमध्ये कुरकुर होती, दूध साफ करून नवं ग्रीस भरलं की रात्रीत होण्यासारखं काम. तारा जशा आवळल्या होत्या तशाच होत्या. एवढा रंग, दूध, वेल्डिंग होऊन चाकाला केसाएवढाही आऊट नव्हता.

कुसाबाई माझ्याजवळ येऊन वाकल्या. आवाज खाली केला.

"रावजीभाऊ, मोडली म्हना."

मी वर बघितलं.

"तुम्ही म्हनलात तर ती ऐकंल. दुसऱ्या कोनाचं नाय ऐकत. जळली म्हना, रस्त्यात तुटंल म्हना. ह्या तारखा गेल्या की व्हिसा संपतोय, ती स्वतःच म्हनली. परत मिळता मिळता वरीस जाईल." त्यांनी मागे रिक्षाकडे पाहिलं. "तुम्ही माझे पाच दिस घेतले. मी तुम्हाला एक शब्द मागती."

मी त्या बाईचं देणं लागत होतो आणि ते त्या मागत होत्या, तेही पदर पसरून नाही, सरळ. सायकल मोडली म्हणायला मला काय लागणार होतं? तपासायला दुसरा कोणी नव्हता. हर्षालीने कधीच शंका घेतली नसती. पोरगी घरी राहिली असती, आई रात्री झोपली असती, आणि मी त्या पाच दिवसांतून सुटलो असतो.

हर्षाली पाने घेऊन आली. चौथऱ्यापाशी गुडघ्यांवर बसली. तिने चंदेरी दांडीवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"काका, चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. "काय झालंय तिला? माझ्या हातचं चाक आहे ते. सायखेड्याच्या वेल्डरने मोडतंय होय."

तिने डोळे मिटले आणि श्वास सोडला. मग ती हसली, उठली, आणि कामाला लागली. मी कुसाबाईंकडे बघायचं टाळत होतो, पण बघितलं.

"तुम्हाला चाकच दिसतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "त्या दिशी बी तेच."

त्या बागेकडे चालू लागल्या. हर्षाली त्यांच्या मागे धावली, काहीतरी बोलली, त्यांनी तिच्या गालाला हात लावला आणि पुढे गेल्या.

मी खाली बसून मागचं चाक खोलू लागलो. पोरीशी खरं बोललो, असं मला म्हणता आलं असतं. तिचा प्रवास वाचवला, असंही. पण तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ना ती होती, ना तिची आई. माझ्या चाकाला कोणी मोडकं म्हणू नये, एवढंच होतं. हबमधून घट्ट झालेलं दही माझ्या बोटांवर आलं आणि मी ते पुसलंही नाही, तसाच काम करत राहिलो.